शब्दचर्चा: ‘युरिक ॲसिड वाढलंय’ यात नक्की काय वाढतं, आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

इंदूरला आम्ही काही जण मिळून मराठी ज्येष्ठांसाठी वजन, शुगर आणि युरिक ॲसिड यावर एक पानभर माहिती तयार करतोय. मूळ इंग्रजी मजकुरात आहे की लठ्ठपणा आणि मेटाबॉलिक सिंड्रोममुळे किडनीचं युरिक ॲसिडचं ‘हँडलिंग’ बदलतं. एकाने ‘हाताळणी’ लिहिलं, एका काकूंनी ‘निचरा’ सुचवला. त्यात आपल्याकडे हिंदीच्या संगतीने सगळेच ‘गठिया’ म्हणतात, मग गुडघ्याची झीज असो की अंगठ्याचं गाउट (युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी सांधा सुजून दुखणं). काय लिहायचं?

उत्तर

‘हाताळणी’ नको दादा, वाचून काहीच कळत नाही. मी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट घ्यायला आलेले लोक रोज हेच विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. काकूंचा ‘निचरा’ छान आहे, पण अर्धाच, कारण किडनी नुसती बाहेर टाकत नाही, परत घेते पण. लोकांच्या डोक्यात किडनी म्हणजे चाळणी असं बसलंय आणि घोळ तिथेच होतो. युरिक ॲसिड म्हणजे शरीरात तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ, किडनीत ते आधी गाळलं जातं, मग पुढच्या बारीक नळीत त्यातलं साधारण 90 टक्के पुन्हा रक्तात ओढलं जातं, आणि लघवीतून जातं ते गाळलेल्याच्या 10 टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच. ओढून घेणारं मुख्य प्रथिन युरॅट-वन, ते 2002 साली जपानी संशोधकांनी ओळखलं. तर माझ्या मते दोन शब्द लागतील, बाहेर जाण्याला निचरा आणि परत येण्याला ‘परत शोषून घेणं’. ‘पुनर्शोषण’ बरोबर आहे पण तिथे आजोबा अडखळतील.

आता लठ्ठपणाचा संबंध नेमका इथे आहे. पोटाची चरबी वाढली की स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, पण किडनी मात्र त्याचं ऐकतच राहते, आणि इन्सुलिन तिला मीठही धरून ठेवायला लावतं आणि युरिक ॲसिडही. म्हणजे परत शोषण वाढलं, निचरा घटला, रक्तात साठत गेलं. शरीरात तयारही थोडं जास्त होतं हे खरं, पण बहुतेकांची मूळ अडचण निचऱ्याची असते. म्हणून ‘युरिक ॲसिड बनतंय’ हे वाक्य पानावर येऊ देऊ नका, त्याने माणूस फक्त खाण्यात चोर शोधत बसतो, आणि आपल्याकडे तर लोक डाळच बंद करतात! डाळी-पालकामुळे गाउटचा धोका वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मटण, कलेजी, बिअर यांचं वेगळं. आणि जे शाकाहारी विचारतात ‘मी तर अंडंही खात नाही, मग कसं?’ त्यांना साखरेचं सांगा, साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि लिव्हरमध्ये तो मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. जिलेबी, शिकंजी, कोल्ड्रिंक सगळं त्यात आलं.

दुसरं उत्तर

‘गठिया’बद्दल. मराठीत संधिवात हाही तसाच मोठा शब्द, त्यात सगळं मावतं, त्यामुळे तो टाळा. जुना शब्द ‘वातरक्त’, चरकाच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याचंच एक नाव ‘आढ्यवात’, आढ्य म्हणजे धनवान, खाऊनपिऊन सुखी माणसांचा वात. वर्णन बरंच जुळतं, पण वातरक्त म्हणजे डिट्टो गाउट असं लिहू नये, तिथे रक्त तपासून आकडा कुणी काढत नव्हतं. सरळ ‘गाउट’ लिहा.

विचारणारा

धन्यवाद ताई. आणि मेटाबॉलिक सिंड्रोम? ‘चयापचय विकारसमूह’ चालेल?

उत्तर

शीर्षकात मेटाबॉलिक सिंड्रोमच ठेवा, डॉक्टरही तेच बोलतात. खाली अर्थ द्या: कंबरेचा घेर (आपल्याकडे पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटरच्या वर), ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल कमी, बीपी 130/85 किंवा वर, उपाशीपोटी शुगर 100 किंवा वर, यातले कुठलेही तीन. ‘विकारसमूह’ वाचून लोकांना वाटेल पाच रोग झाले.

अजून एक, मुतखडा विसरू नका. वजन जास्त असलं की लघवी जास्त आम्लधर्मी होते, कारण किडनी अमोनिया कमी बनवते, आणि लघवीचा पीएच साडेपाचच्या खाली राहिला की युरिक ॲसिडचे खडे पडतात, मग रक्तातला आकडा फार नसला तरी. इथे ‘आम्लपित्त’ शब्द वापरू नका, लोक थेट अँटासिड घेतील.

आणि आकड्याबद्दल ठळक लिहा: रक्तातलं युरिक ॲसिड 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेलं की स्फटिक बनू शकतात, पण वाढलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही, त्यामुळे दुखत नसेल तर स्वतःहून गोळी सुरू करू नये. बीपीसाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तिनेही निचरा कमी होतो, ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारायचं. वजन उतरवायचं तेही हळूहळू, कडक उपासात कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) वाढतात आणि तेही किडनीत युरिक ॲसिडची वाट अडवतात. एकादशी-चतुर्थीचं वेगळं सांगायला नको, पण चार-पाच दिवस नुसत्या पाण्यावर राहणारे आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य मोठ्या अक्षरात टाका.