मॉली ‘व्याली’ की मॉलीनं ‘अंडी घातली’?

परवा सकाळी, इथं सोलापुरात, दात घासत माशांच्या काचपेटीसमोर उभा होतो. काळ्या मॉली माशाच्या पोटाखालून एक काळा ठिपका सुटला, दुमडलेला, जिऱ्याएवढा. खडीवर पडला, क्षणभर तसाच राहिला, मग एकदम सरळ होऊन हायड्रिलाच्या पाणझाडीत घुसला. मागोमाग दुसरा. तिसरा आईनंच गिळला.

चौथीतल्या मुलानं वहीत लिहिलं, ‘आमची मॉली विणली.’ बाईंनी ते खोडून ‘मॉलीने अंडी घातली’ असं केलं. अंडी मी तर पाहिली नाहीत! घरी आई म्हणते, “मासा कुठं व्यायतोय व्हय? ते म्हशीचं काम.” मग म्हणायचं काय?

प्रतिसाद १
‘विणली’ चूक, पण सोलापूरच्या पोराकडून शोभणारी चूक आहे. चादर विणतात ते ‘विणणे’, म्हणून ‘विणली’. म्हशीचं क्रियापद ‘विणे’. त्याची रूपं विते, व्याली, व्यायला झाली. बोलताना आपण ‘व्यायली’, ‘व्यायते’ म्हणतो, तेही चालतं. आईंना सांगा, शेळी व्याली, कुत्री व्याली म्हणतो तशी मॉलीही व्याली. अट दुधाची नाही, जितं पिल्लू बाहेर येण्याची आहे. म्हणून कोंबडी कधी वीत नाही.

प्रतिसाद २
जीवशास्त्राच्या मराठीत यासाठी ‘अंडजरायुज’ असा शब्द आहे. जरायु म्हणजे वार. गाईची ‘जार पडली नाही’ म्हणतात, तोच जार. वारेतून पोसलेलं पिल्लू जन्मतं ते जरायुज, अंड्यातून बाहेर येतं ते अंडज. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांची अंडी आईच्या पोटातच वाढतात, पिल्लं बलकावर पोसतात आणि तयार होऊन बाहेर पडतात. म्हणजे बाई अर्ध्या बरोबर. अंडं असतं, पण घातलं जात नाही.

जाता जाता, जीवांच्या उत्पत्तीचे चार प्रकार, म्हणजे चार खाणी, त्यांतला ‘जारज’ वाचून दचकू नका. तिथं तो जरायुजच आहे, जाराशी, म्हणजे परपुरुषाशी, त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद ३
अंडजरायुज शब्द बरोबर असेल, पण फिशटँकसमोर उभं राहून तो कोण म्हणणार? माझं मत ‘व्याली’लाच. त्याच्यासोबत आख्खं गोठ्याचं घराणं फुकटात मिळतं. पोटाखालच्या मागच्या पराजवळ काळसर डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसायला लागलं की गप्पी ‘गाभण’. (काळ्या मॉलीत डाग दिसत नाही, पोटावरूनच ओळखायचं.) साधारण महिन्यानं व्याली की एक ‘वेत’. आणि गंमत म्हणजे नर काढून टाकला तरी ती पुढची दोन-तीन वेतं काढते, कारण नराचं बीज महिनोन्महिने पोटात साठवते. पहिल्या वेळी मला वाटलं, दुकानदारानं माद्या म्हणून नरच गळ्यात मारला!

प्रतिसाद ४
मी उजनी धरणाच्या बाजूचा आहे. ‘गाभण’ आणि माशाच्या अंड्यांची ‘गाभोळी’, दोन्ही ‘गाभ’चेच. आमची चिलापी (तिलापिया मासा) अंडी तोंडात धरते. पिल्लं तोंडातून बाहेर येताना बघून लोक ‘चिलापी तोंडानं व्यायली’ म्हणतात. तिथं मात्र शब्द फसतो, ती अंडजच.

पिल्लांना जिऱ्याची उपमा दिलीत, पण मत्स्यबीजवाल्यांनी तो शब्द आधीच घेतलाय. अंड्यातून नुकतं निघालेलं ते ‘मत्स्यजिरे’, बोटाएवढं झालं की ‘बोटुकली’.

प्रतिसाद ५
डास खायला हौदात सोडतात त्या गप्पीचा गप्पांशी संबंध नाही बरं. त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ मध्ये नाव पडलं.

धागाकर्ता
आभार. वहीत ‘व्याली’ लिहून पाठवलंय, बाई काय करतात बघू. आईला ‘गाभण’ पटलं, ‘व्याली’ अजून नाही.

कोणीतरी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाण्याचं विचारलं होतं. आमच्याकडं बोअरचं जड पाणी, काचेवर पांढरा थर धरतो. मॉलीला तेच मानवतं. नळाचं चार दिवसांनी येतं, ते पिंपात एक दिवस उघडं ठेवून मगच घालतो, क्लोरीन उडून जातं. मे महिन्यात हवेचा पंप बंद करत नाही, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो.

पिल्लं काल सतरा मोजली, आज अकरा. मॉलीला जाळी लावून वेगळं केलंय.