मदत हवी आहे: एसआयआरएनए देऊनही ईआर-बीटाचा बँड हटत नाही

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत ईआर-बीटा (इस्ट्रोजेनचा एक रिसेप्टर) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, बघायचा आहे. ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, १०% जेल, सशातली पॉलिक्लोनल अँटीबॉडी १:१०००, रात्रभर ४ अंशांवर. ५९ किलोडाल्टनला ठसठशीत बँड येतो, पण ईएसआर२चा (ईआर-बीटाच्या जनुकाचा) एसआयआरएनए, म्हणजे त्या जनुकाचा आरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए, देऊन ७२ तासांनीही तो तसाच. क्यूपीसीआरचा (आरएनए मोजण्याच्या चाचणीचा) सीटी आधीही ३६, नंतरही ३६; हा आकडा जितका मोठा तितका आरएनए कमी. मात्रा वाढवू का?

प्रतिसाद १:
मात्रेचा प्रश्नच नाही. सीटी ३६ म्हणजे ईएसआर२चा आरएनए नसल्यातच जमा, मग एसआयआरएनए कमी काय करणार? बँड दुसऱ्याच प्रथिनाचा आहे. ५५ ते ६० किलोडाल्टनच्या टप्प्यात प्रथिनांची झुंबड असते, वजन जुळलं म्हणून ओळख पटत नाही. २०१७ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये ईआर-बीटाच्या १३ अँटीबॉडी तपासल्याचा पेपर आला. टिकली एकच, पीपीझेड०५०६. ही उंदरातली मोनोक्लोनल आहे, सेकंडरी (पहिलीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) बदलायला विसरू नका. ट्रान्सफेक्शनची (एसआयआरएनए पेशींत शिरला की नाही याची) शंका असेल तर शेजारच्या वेलमध्ये ईएसआर१चा (ईआर-अल्फाच्या जनुकाचा) एसआयआरएनए द्या. एमसीएफ-७मध्ये ईआर-अल्फा भरपूर असतो, ६६चा बँड उतरलाच पाहिजे.

प्रतिसाद २:
पॉझिटिव्ह कंट्रोलशिवाय (ज्यात ईआर-बीटा नक्की आहे अशा नमुन्याशिवाय) नवी अँटीबॉडीही आंधळीच. एचईके२९३ पेशींमध्ये ईएसआर२चा प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) एका डिशला, रिकामा दुसऱ्या डिशला. पहिल्याचं लायसेट (पेशी फोडून काढलेला द्रव) थेट ३० मायक्रोग्रॅम भरलंत तर बँड जळून शेजारच्या लेनपर्यंत पसरेल. त्यातलं १-२ मायक्रोग्रॅम घ्या, उरलेली भर रिकाम्या प्लास्मिडच्या लायसेटने करा, म्हणजे एकूण प्रथिन सारखं राहतं. मध्ये एक लेन मोकळी सोडा. प्लास्मिडला फ्लॅग टॅग (प्रथिनाला जोडलेली छोटी खूण) असेल तर टॅगच्या अँटीबॉडीनेही बघा. दोन्ही बँड एकाच उंचीवर हवेत.

प्रश्नकर्ता:
कंपनीच्या माहितीपत्रकात ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो प्रथिनाचा तुकडा) घातल्यावर बँड गेलेला दाखवलाय. तो पुरावा नाही का?

प्रतिसाद १:
नाही. पेप्टाइड अँटीबॉडीचं तोंडच बंद करतं, मग ती खऱ्या प्रथिनाला चिकटत असो वा भलत्याला, बँड जाणारच. आणि पुढे टिश्यूच्या स्लाइड करणार असाल तर त्याच एचईके पेशींचे दोन्ही गोळे फॉर्मलिनमध्ये घालून पॅराफिन ब्लॉक करून ठेवा. ब्लॉटवर चालणारी अँटीबॉडी स्लाइडवर चालेलच असं नाही.