मदत हवी: महिंद्रा एमएम ५४० जीपमध्ये स्वस्तात कोणतं इंजिन टाकू? डीआय, ट्रॅक्स की क्वालिस?

घाटमाथा_५४०
जीपचं इंजिन बसलं, म्हणजे कामातून गेलं. बजेट ८० हजार, मजुरी धरून. एक मेस्त्री महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) टाकू म्हणतोय, दुसरा फोर्स ट्रॅक्सचं मर्सिडीज, तिसऱ्याकडे टोयोटा क्वालिसचं पडून आहे. तिघेही म्हणतात बोल्ट-टू-बोल्ट, म्हणजे काही न कापता-जोडता बसतं. शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय. कोणतं घेऊ? "विकून टाका" कृपया कोणी सांगू नका.

लो_गिअर
वर्ष कोणतं? आत्ता आत कोणतं इंजिन आहे, मूळचं प्यूजो की आधीच कोणी बदललंय? गिअरबॉक्स केएमटी ९० का? क्राऊन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या गिअरजोडीचा) रेशो किती? वापर कुठे, हायवे की शेत? यातलं काहीच माहीत नसताना कोणतं इंजिन सांगायचं?

डिझेल_कोल्हापूर
ट्रॅक्सचं घे भावा, डोळे झाकून. ओएम ६१६, २३९९ सीसी. चेनवर चालतंय, बेल्ट तुटायची भानगड नाही. सुटे भाग कुठल्याबी तालुक्याला मिळत्यात.

घाटमाथा_५४०
१९९२ ची. फोर बाय फोर. इंजिन मूळचंच. बाकी सगळं स्टँडर्ड. मी फक्त इंजिन कोणतं एवढंच विचारलंय.

लो_गिअर
मूळचं म्हणजे प्यूजो एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. मग प्रश्न इंजिनाचा नाहीच, क्राऊन-पिनियनचा आहे.

प्यूजोची ६२ अश्वशक्ती ४५०० आरपीएमला येते. टर्बोवाल्या डीआयची ६३ येते ३२०० ला, आणि तिथेच गव्हर्नर (आरपीएमची मर्यादा धरणारा भाग) हात वर करतो. घोडे तेवढेच, पण डीआय फिरतंच कमी. जुन्या जीपला बहुधा ५.३८ चा रेशो असतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर (गिअरबॉक्सकडून ॲक्सल फिरवणारा दांडा) ५.३८ फेरे. ६.००-१६ टायरचा घेर धरा साधारण २.२ मीटर. चौथा गिअर थेट, म्हणजे ३००० आरपीएमला ३००० भागिले ५.३८ गुणिले २.२ गुणिले ६० भागिले १०००. उत्तर ताशी ७४ किमी. आरामात चालवायचं म्हणजे २५००, तेव्हा ६१. प्यूजो ४५०० पर्यंत ओढलं तर त्याच रेशोवर कागदावर ११० निघतात. डीआय टाकल्यावर "ओढते भारी पण ६० च्या पुढे बोंबलते" ही तक्रार येते ती इथून. इंजिनात दोष नसतो.

४.८८ असेल तर २५०० ला ६८, ४.२७ असेल तर ७७. म्हणजे डीआय घ्यायचंच असेल तर दोन्ही ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलायचा खर्च आधी धरा.

पाना_१४
दोन्ही हा शब्द अधोरेखित करा. मागचा ४.२७ आणि पुढचा ५.३८ ठेवून "फोर बाय फोर कुठे रोज लावतो" म्हणणारे मेस्त्री भेटतात. एकदा लिव्हर ओढला की दोन प्रॉपेलर वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात. चिखलात टायर घसरून सुटका होते. कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा), यूजे क्रॉस (प्रॉपेलरचा सांधा) किंवा ॲक्सल यातलं जे कच्चं असेल ते जातं.

रेशो कसा मोजायचा: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (जुन्या जीपला तो प्रॉपेलरवरच असतो), जमिनीवरच्या चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर. प्रॉपेलरवर खडूची खूण. वर उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा, प्रॉपेलर किती फिरला ते मोजा. सव्वापाचच्या थोडं पुढे गेला तर ५.३८, पाचला किंचित कमी असेल तर ४.८८, सव्वाचार तर ४.२७. एक चाक जमिनीला अडकलेलं असतं, म्हणून दोन फेरे. दोन्ही चाकं उचलली असतील तर ती एकत्र एकच फेरा फिरवा. डिफरन्शिअल उघडलेलं असेल तर दात मोजा: ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. पुढच्या ॲक्सललाही वेगळं मोजा. इतक्या जुन्या गाडीत कोणी कधी काय घातलं याचा भरवसा नाही.

रानगाडी
टायर कोणते लावणार आहात? ७.००-१६ लावले तर घेर वाढतो, तोच रेशो उंच पडतो. ट्यूब चांगली घ्या. एमटी (चिखलाच्या टायरचा) पॅटर्न डांबरावर फार आवाज करतो.

घाटमाथा_५४०
टायर नवीन आहेत. टायरबद्दल विचारलेलं नाही. डीआय बोल्ट-टू-बोल्ट बसतं की नाही?

पाना_१४
डीआय आणि प्यूजो ही दोन वेगळी घराणी आहेत. २५२३ सीसीचं डीआय, ८८.९ बोअर आणि १०१.६ स्ट्रोक, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. मापं इंचातली, कारण ते जुन्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातलं. प्यूजो ९० आणि ८३, मिलिमीटरमधलं. त्यामुळे प्यूजोची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) डीआयला चालेल असं धरून चालू नका. इंजिन ज्या गाडीतून काढलंय त्याच गाडीची बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्टार्टर, दोन्ही माउंटिंग ब्रॅकेट आणि अल्टरनेटर एकत्र घ्या. गाडी अशी निवडा की जिच्यामागे केएमटी ९० होता. पाच गिअरच्या बोलेरोचं "हाफ इंजिन" स्वस्त मिळतं, पण वाचवलेले पैसे लेथवाल्याकडे जातात.

डिझेल_कोल्हापूर
म्हणूनच सांगतोय ट्रॅक्सचं घ्या. ॲडॉप्टर प्लेट (इंजिन-गिअरबॉक्समधली जोडपट्टी) करून मिळत्या.

इंजिनबाई
प्लेट मिळते, पण अचूक मिळते का हे कोण तपासतं? १२ मिमी पत्रा कापून दोन्हीकडची भोकं पाडली म्हणजे ॲडॉप्टर झाला असं नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत लागतात, फरक ०.१३ मिमीच्या आत. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचं, क्रँक हाताने फिरवायचा, बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा बघायचा. काटा एकूण ०.२५ दाखवतो तेव्हा मध्य ०.१३ ने सरकलेला असतो, हे ध्यानात ठेवा. जास्त निघालं तर स्पिगॉट बुश (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) काही महिन्यांत खातं, क्लच थरथरतो, चौथा गिअर उडायला लागतो, आणि मेस्त्री गिअरबॉक्स उघडून नवीन बिल करतो. प्लेटला डॉवेल पिन नसतील तर ती घेऊच नका. नुसते बोल्ट मध्य धरून ठेवत नाहीत.

शिवाय प्लेटच्या जाडीएवढा इनपुट शाफ्ट आखूड पडतो, त्यामुळे स्पिगॉट बुश लांब करावं लागतं. आणि ओएम ६१६ चे दोन्ही मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणारे पाइप) उजवीकडे. आपला स्टिअरिंग बॉक्सही उजवीकडे, पुढचा प्रॉपेलरही उजवीकडून जातो. सायलेन्सरचा पाइप कुठून उतरवणार ते आधी ठरवा.

डिझेल_कोल्हापूर
पाइप वाकवून येतोय की खाली. एवढं अवघड करू नका ताई.

इंजिनबाई
येतो. मग स्टिअरिंग बॉक्सचं सील भाजतं, म्हणून मध्ये पत्र्याची ढाल लागते. तेवढं लिहा की. इंजिन वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही, ८० हजारांत ते नीट बसत नाही असं म्हणतेय.

सीआरडीई_फॅन
२०२५ साल उलटलं तरी मेकॅनिकल पंपावर चर्चा? जुन्या थारचं २४९८ सीसी सीआरडीई (संगणकावर चालणारं कॉमन रेल डिझेल) टाका. १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन मीटर.

पाना_१४
आणि त्यासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक), त्याला जुळलेली चावी आणि इमोबिलायझर, पूर्ण वायरिंग हार्नेस, सेन्सरवाला ॲक्सिलरेटर पेडल, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, डिझेलची रिटर्न लाइन. २४७ न्यूटन मीटर मूळच्या ड्रम ब्रेकवर थांबवायचे आहेत हेही सांगा. बजेट ८० हजार आहे, वाचलंत ना?

सीआरडीई_फॅन
बजेट वाढवता येतं.

घाटमाथा_५४०
नाही येत. आणि क्वालिसचं काय?

लो_गिअर
क्वालिसचं २एल, २४४६ सीसी, चांगलं इंजिन, गुळगुळीत चालतं. आरपीएमही प्यूजोसारखे घेतं, म्हणून ५.३८ वर डीआयइतकं गुदमरणार नाही. पण क्वालिसला पुढे ॲक्सल नव्हता. तुमच्या जीपला आहे, आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर आहे, खड्ड्यात तो वर येतो. ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि ॲक्सलच्या गोळ्यात (डिफरन्शिअलच्या फुगीर भागात) पाटे पूर्ण दबल्यावरही जागा उरली पाहिजे. इंजिन चेनब्लॉकवर लटकवून, पुढच्या पाट्याचे बंप स्टॉप टेकवून मोजा. गाडी उभी असताना बोटभर जागा दिसते, पहिल्याच नाल्यात संप फुटतो. संप कापून वेल्डिंग करून मागे घेतला तर ऑइल पंपाची गाळणीही मागे सरकवावी लागते. ती जागीच ठेवली तर चढावर ऑइल मागे जातं, गाळणी हवा ओढते आणि बेअरिंग जातं.

कागद_काका
इतका वेळ सगळे नट-बोल्टात. आरसी बुकावर इंजिन नंबर आणि इंधन काय लिहिलंय ते कोणी विचारलं नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात जे लिहिलंय ते बदलेल असा फेरफार करायचा नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर आरटीओकडे अर्ज करून नवा नंबर चढवून घेता येतो, आणि ते काम गाडी उघडण्याआधी विचारून करावं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन हा वेगळा विषय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर फेरफारामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलंय.

डिझेल_कोल्हापूर
काका, कोण बघतंय बॉनेट उघडून?

कागद_काका
पासिंगला बघतात. १९९२ ची खासगी गाडी, १५ वर्षं २००७ ला संपली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २०१२, २०१७, २०२२. पुढचं २०२७. इंजिन नंबरची पेन्सिलने छाप घेतात. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर पहिल्यांदा तोच नंबर जुळवतो. भंगारातून घेतलेल्या इंजिनाचं बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रद्द झाल्याचा कागद नसेल तर चोरीच्या मालाचा प्रश्नही तुमच्याच दारात. कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलात तरी बिल मागा. नंबर घासलेला ब्लॉक असेल तर फुकट दिला तरी नको.

रानगाडी
विषय निघालाच आहे तर विचारतो, ग्रीन टॅक्स नूतनीकरणासोबतच भरतात ना?

कागद_काका
हो. त्यावर वेगळा धागा काढा.

इंजिनबाई
घाटमाथा, "इंजिन बसलं" म्हणजे नेमकं काय? हाताने क्रँक फिरतो का? ऑइल दुधाळ आहे का? रेडिएटरचं झाकण उघडून सुरू केलं तर बुडबुडे येतात का? धूर पांढरा, निळा की काळा? चौकशी न करता तीन मेस्त्री तीन इंजिनं विकतायत.

घाटमाथा_५४०
क्रँक फिरतो. सुरू होतं पण दोन सिलिंडरवर धडधडतं, ओढत नाही. पांढरा धूर. ऑइल नेहमीसारखं काळंच. पाणी थोडं कमी होतं. मेस्त्रीने "इंजिन संपलं" सांगितलं, उघडलं नाही.

इंजिनबाई
मग ते बसलेलं नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) काढून त्या भोकात गेज लावून. आधी पंपाचं डिझेल बंद करा, बॅटरी पूर्ण चार्ज. चारही ग्लो प्लग बाहेर, दर सिलिंडरला सहा-सात ठोके. असं प्री-चेंबरवालं डिझेल धडधाकट असेल तर साधारण २५ ते ३० बार दाखवतं. २० च्या खाली गेलं तर दुखणं आहे, आणि चारांमध्ये ४-५ बारपेक्षा जास्त फरक नको. पेट्रोलचं गेज चालणार नाही, फुटेल. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर पिस्टनची रिंग किंवा लायनर (सिलिंडरचं अस्तर), तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

सीआरडीई_फॅन
प्यूजोला आता सुटे भाग कोण देतं?

पाना_१४
लायनर-पिस्टन किट, गॅस्केट सेट, नोझल सगळं मिळतं.

घाटमाथा_५४०
गुरुवारी मोजलं. १: २६, २: २५, ३: १४, ४: १३. तीन-चारमध्ये ऑइल सोडून फरक नाही. मागचा रेशो मोजला, सव्वापाचच्या जरा पुढे.

इंजिनबाई
शेजारशेजारचे दोन कमी, ऑइलने वाढत नाहीत, पाणी कमी होतंय. ३ आणि ४ च्या मधला हेड गॅस्केटचा पूल (दोन सिलिंडरमधली अरुंद पट्टी) जळालाय, नाहीतर तिथे हेडला तडा आहे. टोकन थांबवा.

हेड पूर्ण गार झाल्यावर काढा, बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल. हेड काढल्यावर क्रँक फिरवू नका. याचे लायनर पाण्यातले आहेत, दाबून धरले नाहीत तर वर उचलतात, खालची रबर रिंग सरकते आणि सगळं पाणी संपमध्ये. वॉशर आणि बोल्टने चारही लायनर आधी दाबून बांधा. मग लायनर ब्लॉकच्या वर किती आलेत ते डायल गेजने मोजा. मॅन्युअलच्या मापात हवेत आणि चारही जवळपास सारखे. एखादा खाली बसलेला असेल तर नवीन गॅस्केटही तिथेच जळणार, हेच बहुतेक मेस्त्री बघत नाहीत. हेडचा तडा दोन व्हॉल्व्हच्या मधे शोधा, पाण्याच्या दाबावर तपासून घ्या. सपाट करायला दिलं तर किती मिमी काढलं ते लिहून घ्या. जास्त काढलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. बसवताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने.

डिझेल_कोल्हापूर
हेडला तडा निघाला तर मग ट्रॅक्सचं. लिहून ठेवा.

लो_गिअर
तडा निघाला तर दुसरं प्यूजो हेड शोधा, नाहीतर कागदासकट दुसरं प्यूजो इंजिन. ५.३८ वर तेच शोभतं, आणि काकांचं कलमही बाजूला राहतं.

घाटमाथा_५४०
हेड उद्या काढतोय. डीआयवाल्याला थांबायला सांगितलंय, तो चिडलाय. पुढच्या-मागच्या ४.२७ च्या जोड्या कोणाला कुठे दिसल्या तर सांगून ठेवा, लगेच नकोत.

रानगाडी
७.००-१६ लावले असते तर तेवढंही लागलं नसतं.