मदत हवी आहे : हेडफोन ॲम्प बिघडलाय, दुरुस्त करू की नवाच घेऊ?

खटपट्या
सरळ सांगा, दुरुस्त करू की नवा घेऊ? गेल्या आठवड्यापासून ॲम्प नीट वाजत नाही. आवाज बारीक आणि फाटका येतो, चालू केला की कानात ठप्प करतो. पाच-सहा वर्षं जुना आहे. उघडून पाहिला, जळलेलं काही दिसत नाही. दिवसभराचं काम हेडफोनवर चालतं, घाई आहे. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

जुनाखोंड
ट्यूबचा (काचेच्या नळ्यांचा) आहे की साधा? एकच बाजू की दोन्ही? हेच हेडफोन मोबाइलला लावून पाहिलेत का? ट्यूबचा असेल तर आधी झाकण लावा. प्लग काढल्यावरही आत जोरदार झटका देण्याइतका भार साठून राहतो.

खटपट्या
ट्यूब नाही. दोन्ही बाजू. हेडफोन चांगलेच आहेत, मोबाइलवर मस्त वाजतात. आता सांगा.

सोल्डरभक्त
डोळे झाकून सांगतो, कपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) गेले. ॲम्प गरम राहतो ना? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. वरून ठणठणीत दिसतात, आतून वाळलेले असतात. मी माझ्या ॲम्पचे सगळे बदलले, एका रविवारचं काम.

मापात_पाप
डोळे झाकून नको, मीटर लावून सांगू. पुरवठ्याचे कपॅसिटर वाळले तर आधी घूंऽऽ वाढते, ती यांनी सांगितलेली नाही. मल्टिमीटर आहे का? हेडफोन काढा, आवाज शून्यावर ठेवा, जॅकमध्ये मोकळी पिन खोचा आणि मीटरची एक तार पिनच्या बुडाशी टेकवून डाव्या-उजव्या बाजूचा डीसी (एकाच दिशेच्या विजेचा) व्होल्टेज मोजा. १०-२० मिलिव्होल्टपर्यंत काळजी नको.

निवांत
ब्लूटूथ घ्या. वायरची कटकटच नाही. दोन वर्षं वापरतोय, एकदम खूश.

जुनाखोंड
निवांतराव, त्यांनी हे विचारलंच नाहीये.

ओहमपती
अवांतर : हेडफोन किती ओहमचे? ३२ चे असतील तर ॲम्प हवाच कशाला, मोबाइलला लावायचा डोंगल पुरतो. ३०० चे असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना जास्त व्होल्टेज लागतो. माझ्याकडे सेनहायझरचे एचडी ६०० आहेत, ते ३०० चे...

खटपट्या
३२ चे. पण मोबाइल आणि डोंगल नकोय. मोजलं : डावी १.८, उजवी १.७. व्होल्ट, मिलि नाही. हे वाईट का?

मापात_पाप
वाईटच! हेडफोन अजिबात लावू नका. ३२ ओहममध्ये १.८ व्होल्ट म्हणजे १०० मिलिवॉट उष्णता, गाणं नसतानाही, आणि कॉइल सतत एका अंगाला ढकललेली. आता बघा, दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्यात. दोन्हीकडचे ओपॅम्प (आवाज वाढवणाऱ्या चिप) एकाच मुहूर्तावर जाणार नाहीत. दोन्हींना सामाईक ते काय? वीज. अडाप्टरवर काय लिहिलंय?

सोल्डरभक्त
वीज म्हणजे पुरवठ्याचे कपॅसिटर. मी वेगळं काय म्हणत होतो?

खटपट्या
अडाप्टरचा प्रश्न नाही, तो बदललाय. जुना सामान हलवताना हरवला, म्हणून राउटरचा लावला. १२ व्होल्ट, पिन बरोब्बर बसते. ॲम्पच्या मागे १५ लिहिलंय, पण कमी चालतं ना?

जुनाखोंड
अहो!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. जुना अडाप्टर जड होता का?

खटपट्या
हो, वीटच होती. वजनाचा काय संबंध? १५ च्या पुढे नागमोडी रेघ आहे.

मापात_पाप
ती रेघ म्हणजे एसी, दिशा बदलत राहणारी वीज. जुन्या विटेत नुसता ट्रान्सफॉर्मर होता. असा ॲम्प एसीच्या वरच्या अर्ध्या लाटेतून धन आणि खालच्या अर्ध्यातून ऋण पुरवठा काढतो. राउटरचा अडाप्टर डीसी देतो, त्यात खालची लाटच नाही. ऋण बाजू उपाशी, मग आउटपुट शून्यावर बसणार कसं? १५ व्होल्ट एसीचा अडाप्टर आणा, ॲम्पवर लिहिलाय तितका करंट देणारा. हेडफोन न लावता पुन्हा मोजा. त्यानंतरही व्होल्ट दिसला तर ओपॅम्प बघू. ते सॉकेटमध्ये असतील तर बदलणं सोपं, खाच कुठल्या बाजूला आहे तेवढं पाहून बसवायचं. बोर्डावर चिकटवलेले बारके असतील आणि हात बसलेला नसेल, तर मी नवा घेईन.

ओहमपती
बदलायचेच तर ५५३२ (नेहमीचे स्वस्त ओपॅम्प) काढून महागातले टाका, आवाज खुलतो.

मापात_पाप
डोळे बांधून ओळखून दाखवा, मग बोलू.

जुनाखोंड
+१. आणि हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या.

खटपट्या
अडाप्टर आला. डावी ४, उजवी ६ मिलिव्होल्ट. आवाज साफ! नवा घेत नाही. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर होते, पण ती आधीपासूनच होती.

सोल्डरभक्त
आधीपासून म्हणजे कधीपासून? हेही आत्ताच सांगताय?

निवांत
ब्लूटूथला खुंटीच नसते.