जुन्या पीएसटी फाइलमधील पत्रे कशी वाचावीत?

प्रश्न: वडिलांच्या जुन्या संगणकात मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक २००२ या ईमेल प्रोग्रामची पीएसटी फाइल (जिच्यात ईमेल साठवले जातात) सापडली असून तिचा आकार २ जीबीच्या थोडा वर आहे. ती उघडत नाही. आतील पत्रव्यवहार परत मिळवता येईल का?

प्रतिसाद १: प्रथम फाइलची प्रत करावी आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. आउटलुक २००२ पर्यंतच्या स्वरूपाला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होत असे. २००३ च्या आवृत्तीत युनिकोड (सर्व लिपी सामावणारे) स्वरूप आल्यावर ही अडचण सरली. अशा फाइलवर आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन एकटे पुरत नाही. मायक्रोसॉफ्टचे पीएसटी२जीबी हे साधन आधी फाइल छाटते, म्हणजे काही पत्रे गमवावी लागतात, आणि मग स्कॅनपीएसटी चालवावे लागते.

प्रतिसाद २: दुरुस्तीनंतर आउटलुक नसले तरी लिनक्सवरील रीडपीएसटी ही आज्ञा पत्रे एमबॉक्स या साध्या मजकूर-फाइलच्या स्वरूपात काढून देते. त्या फाइली, थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम बंद असताना, त्याच्या लोकल फोल्डर्समध्ये ठेवाव्यात. मराठी पत्रांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसली तर घाबरू नये. तो मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमधला असतो आणि तो फॉन्ट नसल्यास असा दिसतो.

प्रश्नकर्ता: प्रत केली आहे. आता छाटणीला लागतो.