मेश वायफाय लावलं पण वायरवालं चालंना : तुमचे अनुभव सांगा

फायबर कनेक्शन आलं की मागोमाग मेशचे (मिळून घरभर एकच वायफाय देणारे) दोन-तीन डबे घरात येतात. मोबाईल मस्त पळतात, जिन्यात पण रेंज मिळते, आणि मग चार दिवसांनी कुणीतरी ओरडतं की टीव्ही बंद, प्रिंटर दिसत नाही, नाहीतर कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) ऑफलाइन. म्हणजे जे वायरने जोडलंय तेच नेमकं अडतंय. ह्यावर अनुभव टाका मंडळी. फक्त 'बंद करून चालू केलं, झालं' एवढंच लिहू नका, वायर कुठल्या डब्यातून निघून कुठल्या डब्यात गेली होती ते लिहा, कारण माझं म्हणणं असं की निम्मी भानगड त्या क्रमातच असते.

माझ्यापासून सुरू करतो, जुळे सोलापूर. फिटिंगवाल्या पोराने फायबरचा डबा लावला, त्याच्या एका पोर्टातून मेशच्या मेन डब्याला वायर दिली आणि दुसरं पोर्ट मोकळं दिसलं म्हणून प्रिंटर त्यात खोचून गेला. प्रिंटरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालेला, दिवा लुकलुकतोय, पण लॅपटॉपला तो सापडतच नव्हता. कारण फायबरचा डबा पण राउटर आणि मेश पण राउटर. प्रिंटरचा पत्ता 192.168.1 वाला, लॅपटॉपचा 192.168.68 वाला. ह्याला डबल नॅट म्हणतात. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून संशय येत नाही, पण लॅपटॉप प्रिंटर शोधायला जी हाळी देतो ती राउटरच्या पलीकडे जात नाही. उपाय दोन : प्रिंटरची वायर काढून मेशच्या डब्यात लावा, नाहीतर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, मग तो आयपी वाटायचं काम सोडून देतो. मी मोड बदलला, त्यात मुलांचा नेट टाइम लॉक करायची सोय गेली ही गोष्ट वेगळी.

साखर पेठ :
आमचं घर जुनं, दगडी भिंती, खाली कारखाना. टावेलच्या डिझाईनचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, तिथं मेशचा दुसरा डबा ठेवला आणि कॉम्प्युटरला त्यातून वायर दिली. फाईल पाठवायला तरी तेवढाच वेळ. लई जणांना वाटतं वायर लावली म्हणजे वायरचा स्पीड, तसं नसतंय बे, ती वायर नुसती डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत, डबा स्वतः मेनशी हवेतूनच बोलतोय आणि मधे दोन हात जाडीची भिंत. शेवटी मेनपासून मागच्या डब्यापर्यंत वायर ओढून घेतली (वायर्ड बॅकहॉल म्हणतात त्याला), तर स्पीड बरोबर 94-95 एमबीपीएसवर अडकला, पुढं सरकंना. वायरमनने टेस्टर लावल्यावर कळलं एक जोडी तुटलेली. गिगाबिटला (1000 एमबीपीएस) आठही तारा लागतात, 100 ला फक्त 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या चार पुरतात. म्हणून वायर अर्धी मेलेली असली तरी दिवा लागतो आणि माणूस फसतो. वायर पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली, वाकवली की आतनं तुटते. पूर्ण तांब्याची कॅट 6 मागून घ्या, दुकानदाराला तोंडावर विचारा.

विजापूर रोड :
94 वर अडकण्यावरून. वायर धडधाकट असून टीव्हीवर तेवढाच आकडा येत असेल तर वायरच्या मागे लागू नका, बऱ्याच टीव्हींना पोर्टच 100 चं असतं. फोर-के सिनेमाला 25 पुरतात. आमच्या ह्यांनी त्यापायी दोन वायरी बदलल्या.

होटगी रोडचं घर, मी पुण्यात :
आई-बाबा तिकडे एकटे म्हणून कॅमेरे बसवलेले, रात्री झोपायच्या आधी एकदा बघते. मेश लावलं आणि कॅमेरे गेले. कॅमेरावाले काका येऊन बाबांना म्हणाले, "मालक, डीव्हीआर ओके हाय, तुमचं नवीन वायफायच बाद हाय." वायफायवाला म्हणाला डीव्हीआर जुना झालाय, नवीन घ्या. शेवटी बाबांना व्हिडिओ कॉलवर घेऊन डीव्हीआरचा नेटवर्क मेनू उघडायला लावला (बाबा, माउस उलटा धरलाय, हे पण झालं). तर पत्ता हाताने भरून ठेवलेला, 192.168.1 चा, गेटवे (बाहेर जायचा रस्ता) पण जुन्या राउटरचा. नवीन मेश वेगळ्याच रांगेचे पत्ते वाटतंय, मग तो बिचारा बोलणार कुणाशी. डीएचसीपी (पत्ता आपोआप घ्यायची सोय) चालू केलं, लगेच आला. मग मेशच्या ॲपमध्ये त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवला, म्हणजे लाइट जाऊन आली तरी तोच मिळतो. कुणी मेश घेणार असेल तर आधी घरातल्या कुठल्या वस्तूला हाताने पत्ता दिलाय ते बघून ठेवा.

अशोक चौक, क्लासेस :
आमच्याकडे आठ पोर्टचा स्विच (एका वायरीवर अनेक वायरी जोडायचा डबा). रोज संध्याकाळी नाही, अधूनमधून, अख्खं नेटवर्क झोपायचं, स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायचे. मेशचा दुसरा डबा स्विचला जोडलेला, आणि स्विचमधून एक वायर मेन डब्याला, एक थेट फायबरच्या डब्याला! लूप, म्हणजे गोल रस्ता. डेटाचं पॅकेट गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत चुकलेल्या पोरासारखं तिथल्या तिथं फिरत राहतं, आणि त्याच्या प्रती वाढत जातात. क्रम असा ठेवा : फायबरचा डबा, मग मेशचा मेन, मग स्विच, मग बाकी सगळं. फायबरच्या डब्यातून मेशकडे एकच वायर.

शेळगी :
धागाकर्ते, ॲक्सेस पॉइंट मोडचं सगळ्यांना जमेल असं नाही हं. त्या मोडमध्ये आयपी फायबरचा डबा वाटतो. आमच्याकडे मेश इन्व्हर्टरवर आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर, लाइट आली की तो सुरू व्हायला वेळ घेतो, तोपर्यंत डेस्कटॉप स्वतःच 169.254 चा पत्ता घेऊन बसतो. तो आकडा दिसला की समजायचं आयपी देणारा कुणी भेटलाच नाही. वायर काढून परत लावली की होतं, पण खरा इलाज म्हणजे फायबरच्या डब्याला पण मिनी यूपीएस. व्होल्टेज ॲडाप्टरवर वाचून घ्या. मला विचाराल तर फायबरचा डबाच ब्रिज मोडला टाकून (म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढं देतो) मेशला राउटर ठेवणं बरं, फक्त तुमचं कनेक्शन पीपीपीओई वालं (लॉगिन करून जोडायचं) असेल तर युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून आधी काढून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

> जुळे सोलापूर : पटलं. मुलांचं लॉक पण परत येईल.

अक्कलकोट रोड :
आमच्या आणि काकांच्या घरात एकच कनेक्शन, गच्चीवरून वायर टाकून त्यांच्याकडे मेशचा डबा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 100 मीटरच्या आत आहे, त्यामुळं बरीच वर्षं काही तक्रार नव्हती. मे महिन्यात वळीव आला, विजा कडाडल्या, दुसऱ्या दिवशी काकांकडे वायफाय दिसतंय पण नेट नाही. गंमत म्हणजे तोच डबा आमच्या घरात आणून वायर न लावता ठेवला तर व्यवस्थित चालतोय. वायरचं पोर्ट तेवढं उडालेलं, आमच्या मेन डब्याचं पण एक. गच्चीवरच्या तांब्याच्या वायरीवर जवळपास पडलेल्या विजेचा झटका येतो, डायरेक्ट पडायची गरज नाही. आता मधे फायबर टाकलीय, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी वायर जोडणारा डबा). काचेतून करंट येत नाही. काकू मात्र अजून ढग आले की प्लग काढून ठेवतात, आणि ते काय चूक नाही, ॲडाप्टर तर लाइटलाच जोडलेला असतो.