मदत हवी आहे: जुन्या कॅमेऱ्यांच्या ग्रिपवर पांढरा थर आणि चिकटपणा

नमस्कार,

बाबांचे दोन फिल्म कॅमेरे आहेत. बरीच वर्षं दोन्ही चामड्याच्या कव्हरमध्ये बंद होते, आता वापरायचे म्हणून बाहेर काढले. शटर चालतं, लेन्स स्वच्छ आहेत. अडचण रबराची आहे.

पहिला पूर्ण मेकॅनिकल. त्याच्या उजव्या हाताच्या ग्रिपवर पांढरट थर आलाय. ओल्या फडक्याने पुसलं की ग्रिप काळीभोर दिसते, वाळली की पुन्हा राखाडी. दुसरा नव्वदच्या दशकातला ऑटोफोकसवाला. त्याचं मागचं झाकण इतकं चिकट झालंय की हातात घेतला की बोटांचे ठसे उमटतात. कव्हरच्या अस्तराचे तंतू त्यात रुतलेत आणि पुसायला गेले तर फडक्याचेही धागे अडकले.

आतापर्यंत फक्त साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवलंय. एकांनी पेट्रोलियम जेली चोळायला सांगितली, दुसऱ्यांचं म्हणणं की ग्रिप काढून नवीच लावावी. नवी मला लावायची नाही. पहिल्या कॅमेऱ्याच्या ग्रिपवर एका जागी नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे. तिथे बाबांचं मधलं बोट असायचं. माझं बोट तिथे बरोबर बसत नाही, जरा खालीच येतं. ती जागा जशी आहे तशी राहायला हवी.

पांढरं आहे ती बुरशी असेल का? चिकटपणा कशाने जाईल? आणि पुढे हे रबर टिकवायचं कसं?

प्रतिसाद १

जेली अजिबात लावू नका. पेट्रोलियमचे पदार्थ आणि तेलं रबरात मुरतात, रबर फुगतं, मऊ पडतं आणि ग्रिपच्या कडा उचलल्या जातात. सुरुवातीचे काही दिवस छान काळं दिसतं, म्हणून लोक फसतात.

प्रतिसाद २

तुमच्या दोन कॅमेऱ्यांची दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे एकच औषध दोघांना लावू नका.

पांढरा थर बहुतेक ‘ब्लूम’ आहे. गंधक घालून तापवलं की रबर चिवट होतं, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलं. आजही रबरात गंधकाबरोबर मेण आणि इतर बरीच द्रव्यं मिसळतात. त्यातलं जे रबरात पूर्ण सामावत नाही ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पांढरं दिसतं. मेण तर मुद्दाम घातलेलं असतं. हवेतल्या ओझोनमुळे रबराला चिरा पडतात, ताणलेल्या जागी आधी, आणि वर आलेलं मेण त्याला अडवतं. म्हणजे तुम्ही जे पुसताय ते काही अंशी त्या रबराचं पांघरूण आहे. हात खराब होत असतील तर जरूर पुसा, पण रोज पुसून काळं ठेवण्याचा हट्ट नको.

बुरशी ठिपक्यांत किंवा जाळीसारखी पसरते, बऱ्याचदा कुबट वासही येतो. ब्लूम एकसारखा असतो. हेअर ड्रायरची अगदी मंद, कोमट हवा लांबून दिल्यावर थर नाहीसा झाला तर तो मेणाचा समजा. ड्रायर लेन्सपासून दूर ठेवा आणि एका जागी रोखू नका, खालचा गोंद सुटेल.

आता चिकट झाकण. ते रबर नाहीच. कडक प्लॅस्टिकवर मऊ स्पर्शासाठी दिलेला तो पॉलियुरेथेनचा पातळ लेप आहे. हवेतली ओल त्याच्या लांब रेणूसाखळ्या तोडत जाते आणि लेप चिकट होतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराचा फोम डांबरासारखा होतो तोही बहुतेक याच कारणाने. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे हा लेप वाचवता येणार नाही, काढावाच लागेल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी आणि चिकाटी लागेल. खालून गुळगुळीत, थोडं चकचकीत प्लॅस्टिक निघेल. लेपावर छापलेली अक्षरं असतील तर तीही जातील, आधी फोटो काढून ठेवा. अ‍ॅसिटोन आणि थिनरला हात लावू नका, प्लॅस्टिकच विरघळेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. ‘ते रबर नाहीच’ हे वाचून खूप उलगडलं. त्या झाकणावर तारखेचा छोटा डिस्प्ले आहे, त्याचं काय करू? आणि पहिल्या कॅमेऱ्यालाही अल्कोहोल चालेल का?

प्रतिसाद ३

डिस्प्लेवर मास्किंग टेप लावा आणि कडेकडेने कापसाच्या काडीने काम करा. बॅटरी आधी काढा, झाकण बंदच ठेवा. अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं, कॅमेऱ्यावर कधीही ओतायचं नाही. फटीपाशी काम करताना ती फट खाली येईल असा कॅमेरा धरा, म्हणजे ओघळ आत जात नाही. फडक्याची बाजू सतत बदला, नाहीतर काढलेला चिकटा पुन्हा तिथेच माखला जातो. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

खऱ्या रबराला आधी साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश. झिजलेल्या जागेवर ब्रशही नको, नुसतं फडकं. अल्कोहोल लागलंच तर थोडं, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. चिकटपणावर टाल्कम पावडर टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पावडर शटरपर्यंत पोचते. खाण्याच्या सोड्याचा लेपही नको, त्याचे कण नक्षीच्या खाचांत बसतात आणि निघता निघत नाहीत.

प्रतिसाद ४

मी पुसून झाल्यावर सिलिकॉन स्प्रे मारतो. ग्रिप नव्यासारखी दिसते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

दिसते, मान्य. पण ग्रिप निसरडी होते, सिलिकॉन हाताबरोबर लेन्सपर्यंत जातं, आणि उद्या ग्रिपची कड सुटली तर त्यावर कुठलाही गोंद नीट धरत नाही. ठेवणीतल्या वस्तूवर मी तरी ते वापरणार नाही.

धागाकर्ती

आज दोन्ही केले. झाकणाला तीन तास लागले. आधी काळा चिखल निघत राहिला, मला वाटलं प्लॅस्टिकच झिजतंय, पण मग एकदम टणक तळ लागला. तारखेच्या बटणांवरची अक्षरं शाबूत आहेत, ती प्लॅस्टिकवरच छापलेली निघाली.

पहिल्याचा थर कोमट हवेने खरंच नाहीसा झाला. मेणच. मग फक्त खाचांतला मळ ब्रशने काढला. बोटाच्या जागेला हात लावला नाही. ग्रिपची खालची कड मात्र थोडी सुटलेली दिसली. इन्स्टंट ग्लूचा एक थेंब पुरेल का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

नको. तो कडक होतो, ग्रिप वाकली की तडकतो आणि त्याच्या वाफांनी आजूबाजूला पांढरट डाग धरतात, लेन्सवरही. जुना गोंद लाकडी काडीने खरवडून काढा आणि पातळ डबल टेप लावा. पुढे कधी ग्रिप काढावी लागली तर ती न फाटता निघेल.

ठेवताना चामड्याचं कव्हर वेगळं ठेवा, त्यात ओल साठते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. डबा उन्हात नको. आणि ग्रिपवर काही दाबून राहील असा कॅमेरा ठेवू नका.

धागाकर्ती

टेप लावली, कड बसली. कव्हर वेगळी केली. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या दाराचा फोम दाबला तर काळं बोटाला लागतंय, त्याचे फोटो उद्या टाकते.